पांढऱ्या कल्ल्यांचा मासा

मालवणच्या मासळी बाजारात नर्मदा शिरली की मासे विकणाऱ्या बायका टोपल्यांवरची ओली फडकी आपल्याच हाताने बाजूला करीत. तिने केली तर फडक्याबरोबर चार शब्दही निघत, आणि ते शब्द पुढचा आठवडाभर बाजारातून फिरत. भाव ती नंतर विचारी. आधी वाकायची, सुरमईच्या गालाखाली अंगठा घालून कल्ला उचलायची आणि आत बघायची. जास्वंदीसारखं तांबडं दिसलं तर मासा तिच्या पिशवीत. मातकट दिसलं तर परत टोपलीत. आणि पांढुरकं दिसलं तर ती टोपलीवालीकडे मान वर करून शांतपणे विचारी, "हेचा बारावा कदी झाला गो?"

एस.टी. स्टँडकडून बंदराकडे येणाऱ्या रस्त्यावर तिची खानावळ होती. शाळा दुसरीपर्यंत झाली, पुढचं सगळं शिक्षण बाजाराच्या पायरीवर झालं, असं ती पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकांना मुद्दाम ऐकवी. त्यांनी मग शाळा-कॉलेजाचं कौतुक करायचं सोडून मुकाट्याने माशाचं तिकलं खायचं. तिच्या खानावळीत शिळा मासा ताटात आला असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान तिच्या तोंडावर म्हणणारा तरी. मुलगा श्रीपाद गल्ल्यावर बसे, पण गल्ल्याची किल्ली नर्मदेच्या कमरेला. सून सुगंधा शाळेत बाई होती. तिथे पन्नास पोरं तिला टरकत आणि घरी ती सासूला विचारल्याशिवाय नारळ फोडत नसे.

श्रीपादची मुलगी समीक्षा गोव्याला एका संस्थेत समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करी. यंदा बर्फाच्या खंडावर, अंटार्क्टिकाला जाणाऱ्या तुकडीत तिची निवड झाली. दिवाळी झाली की निघायचं, शिमग्याच्या सुमाराला परत. सुगंधा हो म्हणून मोकळी झाली होती, पण तिच्या होकारावर त्या घरात शिक्का लागायचा तो नर्मदेचाच. श्रीपादने मुलीला सांगितलं, आजी म्हणेल ते. त्याच्या मनात पक्कं होतं की आजी नाहीच म्हणेल. म्हणजे मुलगी घरात राहील आणि वाईटपणा आईच्या नावावर जाईल. हा त्याचा हिशेब नर्मदेला कळत नव्हता असं नाही. पोटचा पोर तो, त्याच्या डोक्यात काय शिजतंय ते तिला वासावर कळे.

शनिवारी दुपारी जेवणावळी आटोपल्यावर समीक्षा आजीजवळ येऊन बसली. नर्मदा पाटावर बसून उद्याच्या सोलकढीची सोलं निवडत होती. मुलीने मोबाइल पुढे धरला. तिकडच्या समुद्रातला एक मासा काचेच्या टाकीत होता. बोंबलासारखा फिकट, तोंड मात्र सुसरीसारखं लांब, अंगावर खवला औषधाला नाही. त्याने गालफड उघडलं आणि आतले कल्ले दिसले. दुधासारखे पांढरे.

नर्मदेने चष्मा वर सारला, एकदाच बघितलं आणि फोन परत केला.

"मेलेलो आसा," ती म्हणाली. "बरेच दिस झाले."

"जितो आसा, आजी. हलता बग."

"पाणी हलता म्हणान हलता. माशातला तू माका शिकव नको."

समीक्षा म्हणाली की ह्या माशाच्या रक्तात तांबडा रंगच नसतो. रक्त पाण्यासारखं असतं. पाठीला कणा असलेल्या सगळ्या जिवांत असे एवढेच, आणि त्यांचाच अभ्यास करायला ती जाणार आहे. नर्मदेचे हात सोलांवरच थांबले. तिने आयुष्यभर हजारो मासे उलटेपालटे केले होते आणि पांढरा कल्ला म्हणजे काय ते तिला कुणी सांगायला नको होतं. पांढरा कल्ला म्हणजे जीव गेला. आता नात सांगत होती की तिकडे जीव असतानाच मासा असा होतो.

"जी जागा जित्या माशाचा असा करता, ती माज्या नातीचा काय करतली?" तिने विचारलं. "डिसेंबरात कसालाक गावाक गेलंस तर तू दोन गोधड्यांत काकडतंस. जावचा नाय. झाला."

गल्ल्यावर बसलेल्या श्रीपादने सुटे पैसे मोजायला घेतले. अगदी मन लावून.

समीक्षा रडली नाही, भांडली नाही. ती जन्मल्यापासून ह्या घरात होती. आजीचा नकार ताजा असताना त्याला हात लावायचा नसतो हे तिला ठाऊक होतं. उठता उठता एवढंच म्हणाली, "तो मरता म्हणान पांढरो नाय, आजी. तेका तांबड्याची गरजच नाय म्हणान पांढरो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात नर्मदेने ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. आमच्या नातीला सरकार कुसका, नासलेला मासा बघायला जगाच्या टोकाला धाडतंय. मी म्हटलं, एवढा खर्च कशाला, आमच्या यशोदेच्या टोपलीत रोज बघायला मिळतो. यशोदा तिची नेहमीची टोपलीवाली. ती हसली, बाकीच्या बायका तिच्याहून जास्त हसल्या. पण पिशवी उचलून परत येताना नर्मदेच्या डोळ्यांपुढून ते उघडमिट करणारं गालफड हलेना. पाणी हलत होतं म्हणून मासा हलत होता, असं ती म्हणाली खरी. मेलेला मासा पाण्याबरोबर डुलतो, हे खरं. पण मेलेला मासा गालफड मिटत नाही. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? स्वतःशीच खोटं बोललो, ह्याचा तिला भयंकर राग आला, आणि तो राग तिने वाटेत रिक्षावाल्यावर काढला.

रविवारी दुपारी खानावळ भरलेली आणि वीज सकाळपासून गेलेली. फ्रीज बंद. एका गिऱ्हाइकाने सोडा मागितला. श्रीपादने बाटली उघडली तर सोडा फसफसून त्याच्या सदऱ्यावर, टेबलावर, शेजारच्या माणसाच्या भातात. खाली उरलं ते नुसतं पाणी. नर्मदा आतून आली आणि तिने श्रीपादला सर्वांसमोर विचारलं की गरम बाटलीत वारा राहत नाही हे त्याला ह्या वयात कळू नये, तर मग कधी कळणार.

समीक्षा टेबल पुसत होती. फडकं पिळता पिळता तिने आजीला हळूच म्हटलं, "थंड बाटलेत रवता मा वारो?"

"रवता. मगे?"

"समुद्राचापण तसाच. पाणी जितक्या थंड तितको वारो त्यात जास्त. तांबडा रगत म्हणजे वारो वावणारो हमाल. थंयच्या पाण्यात वारो इतको भरलेलो की तेका हमाल लागणा नाय."

नर्मदा तिथेच उभी राहिली. मागून गिऱ्हाईक कढी मागत होतं, त्याला ती मिळाली नाही. बंदरावर माल लांब उतरला तर हमाल करावे लागतात. होडी थेट दारात लागली तर हमालाला कोण विचारतो? एवढं साधं.

"फुकट मिळता सगळा?" तिने संशयाने विचारलं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता.

फुकट नाही, समीक्षा म्हणाली. पातळ रक्त जास्त लागतं, शिरा रुंद लागतात आणि हृदय ह्या आकाराच्या माशाला कधी नसतं एवढं मोठं लागतं. ते सतत उपसत राहतं. तेव्हा नर्मदेने पहिल्यांदा मान डोलावली. मेहनत करणारा मासा असेल तर ऐकून घ्यायला हरकत नव्हती.

त्या संध्याकाळी मागील दारी दोघी नारळ खवायला बसल्या. आता विचारणारी नर्मदा होती. गोठत कसा नाही? आपण फ्रीझरमध्ये मासा का ठेवत नाही, हे ती गिऱ्हाइकांना नेहमी सांगे: बर्फाच्या सुया मांसात घुसतात, मग तो मासा कापसासारखा लागतो. तिथे तर सगळा समुद्रच फ्रीझर. समीक्षाने सांगितलं की बर्फाचे बारीक कण त्या माशाच्या पोटातही जातात. पण त्याच्या रक्तात एक जिन्नस असतो. गुळाच्या खड्याला मुंगळे चहूबाजूंनी डसावेत तसा तो त्या कणाला चिकटतो आणि वाढू देत नाही. कण राहतो, सुई होत नाही. मासा तो कण अंगात घेऊनच जगतो.

नर्मदेचा हात विळीवर थांबला. शत्रूला घरात ठेवून त्याला मोठा होऊ न देणं म्हणजे काय असतं, ते दीर-जावांच्या घरात नांदलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. "हुशार आसा," ती म्हणाली. माणसांबद्दल हा शब्द तिने वर्षानुवर्षं वापरला नव्हता.

मग पेंग्विन निघाले. ते चित्रात तिने पाहिले होते, वकिलासारखे काळे कोट घातलेले. पण अनवाणी बर्फावर उभे राहतात आणि पाय गळून पडत नाहीत, हे तिला पटेना. समीक्षाने सांगितलं की पायाकडे उतरणारी गरम रक्ताची शीर आणि पायाकडून वर येणारी गार रक्ताची शीर अगदी अंगाला अंग लावून असतात. उतरणारी आपली ऊब वर येणारीला देऊन टाकते. नर्मदेला ते लगेच दिसलं. लहानपणी माहेरी, कसालच्या वरच्या वाडीत, थंडीच्या दिवसांत पहाटे पाण्याला उतरताना बायका वाटेत भेटत. उतरणारी आपली घोंगडी वर चढणारीच्या खांद्यावर टाकी. घोंगडी घरी परत जाई, उतरणारी खाली चार घटका काकडे. "म्हणजे पाय थंडच रवतत," ती म्हणाली. "गोठणत नाय इतकेच. ऊब घरात रवता."

समीक्षा आजीकडे बघतच राहिली. एवढ्या थोडक्यात तिला स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं.

त्या पेंग्विनांतला जो सगळ्यांत थोर, त्याची बाई अंडं घालून समुद्रावर जाते आणि बाप ते अंडं पायांवर घेऊन, पोटाची घडी वर पांघरून उभा राहतो, काळोख्या हिवाळ्यात, दोन महिने, काही न खाता. हे ऐकल्यावर नर्मदेने आतल्या दिशेने हाक मारून श्रीपादला विचारलं, ऐकलंस काय? तुझं जेवण घटकाभर लांबलं तर तू ताटं आपटतोस. हजारो बाप एकमेकांना चिकटून उभे राहतात, समीक्षा पुढे सांगत होती. कडेचा वारा खातो. पण सगळा घोळका हळूहळू, पाऊल पाऊल सरकत राहतो, कडेचा आत जातो आणि आतला कडेला येतो. कुणी भांडत नाही. एकटा राहिलेला मात्र जगत नाही.

आणि सील. पाण्याखाली तासभर राहतो. वारा छातीत साठवत नाही, रक्तात आणि मांसात साठवतो, म्हणून त्याचं मांस काळपट तांबडं. गेदरासारखं, असं नर्मदा म्हणाली, कारण गेदर मासा कापला की आतली ती गडद पट्टी तिने कितीदा पाहिली होती. सीलची आई उघड्या बर्फावर विते. तिचं दूध आपल्या लोण्याच्या जवळ जाईल इतकं दाट. पिल्लू फुगत जातं, आई वाळत जाते, आपल्या अंगची चरबी काढून काढून देते. आणि मग एक दिवस तीच बर्फातल्या भोकातून पाण्यात उतरते आणि पिल्लाला खालून हाका मारते. पिल्लू घाबरतं, मागे सरतं, ओरडतं. आई हाका मारायची थांबत नाही, ते उतरेपर्यंत.

नारळ खवून झाला होता. नर्मदा रिकामी करवंटी हातात फिरवत राहिली.

"तो मासो दाखव परत," ती म्हणाली.

ह्या वेळी तिने बराच वेळ बघितलं. गालफड उघडलं, मिटलं. एक कोळंबीसारखं काहीतरी समोरून गेलं आणि माशाने ते झटकन गिळलं. मेलेला मासा जेवत नाही.

"मेल्यावर ह्याचे कल्ले कसे दिसतत?"

"पांढरेच."

नर्मदेने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "हो मासो माका घेवक येवचो नाय." आणि थोड्या वेळाने, जणू ते पुरेसं झालं नाही म्हणून, "माजा चुकला."

आत श्रीपाद उठून उभा राहिल्याचा आवाज आला. आईच्या तोंडून हे वाक्य त्याने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि आता आपला नकार कुणाच्या पदराआड लपवायचा हे त्याला कळेना. तो दारात आला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं, म्हणून तो खरं तेच बोलला. म्हणाला, त्या सगळ्यांना देवाने काहीतरी दिलंय. आपल्या मुलीला काय दिलंय?

प्रश्न बरोबर होता. नर्मदेलाही तोच पडला होता. तिने नातीकडे बघितलं. हडकुळी पोर. चरबी नाही, पिसं नाही, तांबडं रक्त आहे ते नाकातून वाहतं थोडा उन्हाळा लागला की.

"बापूस इचारता ता सांग," ती म्हणाली. "तुज्याकडे काय आसा?"

समीक्षाने कोटांबद्दल, बुटांबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. मग म्हणाली, "माज्याकडे काय्येक नाय. थंय कोण एकटो भायर पडणा नाय, इतक्याच."

घोळका, नर्मदेच्या मनात आलं. मग घोळका कसा आहे ते बघायला हवं. मासा घ्यायचा तर कल्ला उचलायचाच.

तिने तुकडीबरोबर जाणाऱ्या डॉक्टर बाईंचा नंबर मागून घेतला. अनुजाबाई नाव, ह्याआधीही एकदा जाऊन आलेल्या. नर्मदेने त्यांच्याशी मोठ्या माणसांशी बोलायच्या तिच्या खास मराठीत बोलणं केलं. तुम्ही किती माणसं आहात, जेवण कोण करतं, भात कसला मिळतो, तिथे तुमच्यात भांडणं होतात की नाही. होतात, असं त्या बाईंनी सांगितलं, तेव्हा नर्मदेचा त्यांच्यावर विश्वास बसला. नाहीत म्हणाल्या असत्या तर तिने फोन तिथेच ठेवला असता. भांडलात तरी एकमेकांना सोडून बाहेर जाता का, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, भांडण आत, पण बाहेर पडायचं तर जोडीनेच, आणि परत आलो की आधी माणसं मोजायची. नर्मदा म्हणाली, "असं. मग माझी एक त्यात मोजा."

श्रीपाद ओटीवर जाऊन बसला. तो रागावलेला नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि ती आता त्याची त्यालाच सांभाळायची होती.

सोमवारी बाजारात नर्मदेने यशोदेच्या टोपलीपुढे उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आदल्या दिवशीचं परत घेतलं. तो मासा कुसका नाही, तसा मासा आपल्या सात पिढ्यांनी बघितला नाही, आणि त्याचं हृदय यशोदे तुझ्या मुठीएवढं असेल. यशोदा म्हणाली, काकी, मग उद्यापासून पांढऱ्या कल्ल्याचा मासा घेशील ना माझ्याकडून? नर्मदेने एक बांगडा उचलला, कल्ला उघडला, आत बघितलं. "तुजो समुद्र गरम आसा गो," ती म्हणाली, "तुका हमाल लागतलेच." आणि बांगडा परत ठेवला.

दिवाळी झाली. निघायच्या आदल्या रविवारी सगळे कसालजवळच्या मूळ गावी रवळनाथाच्या देवळात गेले. घरातलं कुणी लांबच्या वाटेला निघालं की देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्या घरात पाऊल उचलत नसत. गाऱ्हाणं घालायचं ते भिकाजीने, तो गावाचा मानकरी. त्याचा आवाज मोठा आणि शब्द ठरलेले. आखाताला जाणारा असो की मुंबईला, तो त्याच शब्दांत देवाकडे सोपवी. पुरुष पुढे, बायका मागे खांबाजवळ.

भिकाजीने हात जोडले. "बा रवळनाथा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज ह्या श्रीपादाचा चेडू परदेशाक जाता..."

"परदेस नाय तो," मागून नर्मदा म्हणाली. "थंय कोणाचोच देस नाय. बर्फात जाता म्हणान सांग."

भिकाजी अडखळला. बर्फात जाणाऱ्यासाठी काय मागायचं असतं ते त्याच्या बापाने त्याला शिकवलं नव्हतं. त्याने मागे वळून बघितलं. नर्मदा खांबाजवळून पुढे आली. देवळात तिला कुणी अडवलं नाही. अडवायचं तर तिच्याशी बोलावं लागलं असतं.

"बा रवळनाथा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बाजारातला नव्हता. "थंयसर तू माशाच्या रगतात बर्फ वाढूक देणस नाय."

क्षणभर सगळे गोंधळले. मग भिकाजीनेच पहिल्यांदा म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"तांबडा रगत दिलंस नाय, तेका हृदय मोठा दिलंस."

"व्हय म्हाराजा."

"पाखराच्या पायातली ऊब तू बर्फात सांडूक देणस नाय. उपाशी बापाशीच्या पायार अंडा सांभाळतंस."

"व्हय म्हाराजा."

"ह्या चेडवाक तू त्यातला काय्येक दिलेला नाय. ता उघडाच जाता. तेवा तेच्या चारय बाजूक माणसा बरी ठेव. कडेक रवला तर आत घेवक लाव. आणि जसा धाडतंव तसा आमच्या पदरात परत हाड, म्हाराजा."

सगळ्यांनी म्हटलं. सुगंधा म्हणाली, समीक्षा खाली मान घालून म्हणाली. एक आवाज आला नव्हता. नर्मदेने मागे वळून बघितलं नाही, फक्त जोडलेले हात तसेच ठेवून थांबून राहिली. भिकाजीही थांबला. देवळात समईची वात तडतडली.

तिच्या मनात सीलची आई होती, बर्फातल्या भोकाखालून हाका मारणारी. श्रीपादला ती तेवढी ओळखत होती. घाबरेल, मागे सरेल, पण उतरेल.

"व्हय म्हाराजा," श्रीपाद म्हणाला.

तेव्हा तिने हात खाली घेतले.